या चुका टाळा: मोझार्टची ‘म्युझिकल जोक’ बसवताना
‘म्युझिकल जोक’ (संगीतातली थट्टा) दोन व्हायोलिन, व्हिओला, बास आणि दोन हॉर्नसाठी आहे. मोझार्टने १४ जून १७८७ ला आपल्या रचनांच्या यादीत नोंदवलेली ही रचना (के. ५२२, क्योशेल सूचीतला क्रमांक) वाचायला सोपी, म्हणून नवखे गट ती एका तालमीत उरकायला बघतात आणि तिथेच फसतात. कच्च्या संगीतकाराची नक्कल मोझार्टने कागदावरच करून ठेवली आहे. वादकांनी त्यात भर घालायची नाही.

सर्वांत मोठा घोळ मिन्युएटमध्ये, म्हणजे नृत्याच्या चालीच्या भागात होतो. हॉर्नच्या तुकड्यावर ‘डोल्चे’ (गोड, मऊ) लिहिलेलं, आणि स्वर मात्र बाकीच्यांशी सरळ भांडणारे. तालीम थांबते, सगळे हॉर्नवाल्यांकडे बघतात, त्यांना वाटतं ट्रान्स्पोज करायचं (स्वर दुसऱ्या पट्टीत बदलून वाजवायचं) राहिलं. मग पेन्सिल निघते, स्वर ‘सुधारले’ जातात आणि पुढच्या गटाच्या हाती तोच खोडलेला पार्ट पडतो. पार्टवर हॉर्नची जी पट्टी लिहिली आहे, तिच्याप्रमाणेच वाचा. शंका आली की आधी फुल स्कोअर (सगळ्या वाद्यांचे स्वर एकत्र दाखवणारी प्रत) उघडा. काही जण मुद्दाम फाटका आवाज काढतात, तेही नको. चुकीचा स्वर जितका मऊ आणि खात्रीने लागेल, तितकी गंमत खुलते.

प्रेस्टो या शेवटच्या जलद भागाच्या अखेरच्या मापांत हॉर्न एफ मेजरमध्ये, पहिलं व्हायोलिन जीमध्ये, दुसरं एमध्ये, व्हिओला ई फ्लॅटमध्ये आणि बास बी फ्लॅटमध्ये असतो. इथे शेजाऱ्याचं ऐकून सूर सरकवला की सगळा चिखल होतो. प्रत्येकाने आपापली कॉर्ड एकट्याने सुरात लावावी, मग दोघादोघांनी, मग सगळ्यांनी. लय ढिली सोडू नका. घरच्या सुरात फक्त हॉर्नच उरतात, त्यांनी अजिबात ढळायचं नाही.

प्रेस्टोच्या आधीच्या अडाजिओत (संथ भागात) हॉर्न गप्प असतात, नळी गार पडते आणि प्रेस्टोत सूर उतरलेला निघतो. अडाजिओच्या शेवटच्या काही मापांत आवाज न करता नळीत गरम श्वास सोडत राहा.

त्याच अडाजिओच्या कडेन्झात (एकट्याने वाजवायच्या तुकड्यात) व्हायोलिन पूर्ण स्वरांच्या पायऱ्यांनी वर चढतं. सवयीने अर्धा स्वर घुसतो. हळू वाजवून प्रत्येक पायरी ट्यूनरवर तपासा.

पहिल्या मूव्हमेंटची (भागाची) सुरांची वाक्यं वाकडी आहेत, श्वास घेऊन ती चौकोनी करू नका.

हॉर्नची तोंडं मागे असतात. पाठीशी उघडी भिंत असेल तर व्हिओला बुडतोच. खुर्च्या पुढे ओढा किंवा भिंतीवर जाड पडदा लावा.