लिनक्स मिंट टाकलं, पण वायफाय दिसत नाही? आधी फोनची केबल शोधा

जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट (विंडोजऐवजी वापरता येणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टम) टाकलं की आवाज, कॅमेरा, टचपॅड बहुतेक वेळा आपसूक चालतात. अडतं ते वायफायपाशी. खालच्या कोपऱ्यातल्या नेटवर्कच्या चिन्हावर क्लिक केलं की आजूबाजूच्या राउटरची नावं दिसायला हवीत, तिथे काहीच नसतं. ड्रायव्हर (वायफायचं कार्ड चालवणारा छोटा प्रोग्राम) उतरवायला इंटरनेट लागतं आणि इंटरनेटसाठी ड्रायव्हर लागतो! एवढ्याशा कारणाने धडधाकट लॅपटॉप माळ्यावर जातात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. काम बहुधा अर्ध्या तासाचं असतं.

अजून मिंट टाकलं नसेल, तर आधी पेनड्राइव्हवरून नुसतं चालू करून बघा. हार्डडिस्कला हात न लावता मिंट सुरू होतं आणि वायफाय चालणार की नाही, ते तिथेच कळतं.

टाकून झालं असेल आणि नावं दिसत नसतील, तर पहिली शंका बटणावर घ्या. काही लॅपटॉपच्या कडेला वायफायची सरकती कळ असते, काहींवर वरच्या ओळीत अँटेनाचं किंवा विमानाचं चित्र असलेलं बटण असतं. माझ्या भाच्याच्या लॅपटॉपवर मी दीड तास ड्रायव्हर शोधत होतो, आणि कळ पुढच्या कडेला, तळहात टेकतो त्याच्या खाली होती. खात्री करायची तर टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडून 'आरएफकिल लिस्ट' (rfkill list) ही आज्ञा इंग्रजी लहान अक्षरांत द्या; दोन शब्दांत एक मोकळी जागा. 'हार्ड ब्लॉक्ड' पुढे 'येस' असेल तर कळ किंवा बटण बंद आहे. 'सॉफ्ट ब्लॉक्ड' पुढे 'येस' असेल तर 'आरएफकिल अनब्लॉक ऑल' (rfkill unblock all) दिलं की मोकळं होतं.

बटण ठीक असेल तर वायफायचं कार्ड कोणतं आहे ते बघा. ही पायरी गाळू नका. कार्डाचं नाव माहीत नसताना कुठून तरी उचललेल्या आज्ञा चिकटवत बसलं, तर चालणारी गोष्टही बिघडते. मेनूमध्ये 'सिस्टम रिपोर्ट्स' उघडा, त्यात 'सिस्टम इन्फर्मेशन', आणि खाली 'नेटवर्क' या शब्दापर्यंत या. तिथे कंपनीचं नाव आणि पुढे 'ड्रायव्हर' असं लिहिलेलं असतं. इंटेलचं कार्ड असेल तर फारसं काही करावं लागत नाही, कारण त्याचा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नेलमध्येच, म्हणजे गाभ्यातच, असतो. ब्रॉडकॉम दिसलं, म्हणजे ज्याचा क्रमांक १४ई४ ने सुरू होतो ते, तर अनेकदा ड्रायव्हर वेगळा टाकावा लागतो. हा ड्रायव्हर मुक्त स्रोत (ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो असा) नाही, म्हणून तो आपोआप बसवला जात नाही.

आता केबल. अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या केबलने लॅपटॉपला जोडा, सेटिंग्जमध्ये हॉटस्पॉटच्या पानावर जाऊन 'यूएसबी टेदरिंग' (फोनचं इंटरनेट केबलने लॅपटॉपला देण्याची सोय) सुरू करा. काही सेकंदांत लॅपटॉपवर तारेचं नेटवर्क आल्याचं चिन्ह दिसतं. काहीही टाकावं लागत नाही. फोन घरच्या वायफायवर असेल तर तेच इंटरनेट लॅपटॉपला मिळतं, मोबाइलचा डेटा खर्च होत नाही. टेदरिंगचा पर्याय फिकटच राहिला तर केबल बदलून बघा. नुसत्या चार्जिंगच्या केबलमधून डेटा जात नाही.

इंटरनेट आलं की मेनूतून 'ड्रायव्हर मॅनेजर' उघडा. पासवर्ड विचारेल, मग यादी येईल. 'रेकमेंडेड' लिहिलेल्या ओळीपुढे खूण करा, 'अप्लाय चेंजेस' दाबा आणि थांबा. ड्रायव्हर तुमच्या कर्नेलसाठी तिथल्या तिथे तयार होतो, त्यामुळे जुन्या मशीनवर काही मिनिटं जातात. मधेच खिडकी बंद करू नका.

सिक्युअर बूट (लॅपटॉप सुरू होताना अनोळखी ड्रायव्हर अडवणारी सुरक्षा) चालू असेल तर इथे एक पासवर्ड ठरवायला सांगतात. तो कागदावर लिहून ठेवा. रीस्टार्ट केल्यावर निळा पडदा येतो आणि कुठलंही बटण दाबायला जेमतेम दहा सेकंद मिळतात. ती संधी हुकली तर लॅपटॉप नेहमीसारखा सुरू होतो, पण वायफाय बंदच राहतं, आणि आपण ड्रायव्हरला दोष देत बसतो. बटण दाबून 'एनरोल एमओके', 'कंटिन्यू', 'येस' असं पुढे जा, तोच पासवर्ड टाका आणि रीबूट करा.

आता नावं दिसतील. आपलं निवडा, पासवर्ड टाका. शेजाऱ्यांची नावं दिसतात पण आपलंच दिसत नाही, असं झालं तर राउटर ५ गिगाहर्ट्‌झवर असेल. बऱ्याच जुन्या कार्डांना फक्त २.४ कळतं. राउटरमध्ये २.४ चालू करा. नाव दिसूनही जोडणी होत नसेल तर राउटरची सुरक्षा डब्ल्यूपीए३ वरून डब्ल्यूपीए२ वर आणून बघा.

जोडणी होते पण दर थोड्या वेळाने तुटते, ही तक्रार वीज वाचवण्याच्या सोयीमुळे असू शकते. फाइल मॅनेजरमध्ये 'फाइल सिस्टम' उघडा, त्यात 'ईटीसी' (etc) फोल्डर, त्यात 'नेटवर्कमॅनेजर', त्यात 'कॉन्फ.डी' इथे जा, उजवं क्लिक करून 'ओपन अ‍ॅज रूट' निवडा. तिथल्या वायफाय-पॉवरसेव्ह नावाच्या फाइलमध्ये ३ चा आकडा २ करा, सेव्ह करा, लॅपटॉप रीस्टार्ट करा. बॅटरी किंचित लवकर उतरेल, पण मुलांचा ऑनलाइन वर्ग मधेच तुटणार नाही.