जुन्या गाडीचे लाईट गंडलेत? बल्ब आणायला पळू नका, आधी अर्थ बघा

माझी गाडी २००१ची, छोटी हॅचबॅक, वडिलांनी घेतलेली, आणि आयुष्य सगळं रत्नागिरीत म्हणजे खारा वारा आणि चार महिने धो धो पाऊस. दोन वर्षांपूर्वी तिने एक गंमत सुरू केली. ब्रेक दाबला की मागचा डावा इंडिकेटर मंद पेटायचा, आणि पार्किंग लावून डावा इंडिकेटर दिला की मागचा अख्खा दिवाच लुकलुकायला लागायचा. गॅरेजवाल्याने आधी बल्ब बदलले, मग फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारी छोटी डबी) बदलला, मग म्हणाला कॉम्बिनेशन स्विच (स्टिअरिंगजवळचा लाईट-इंडिकेटरचा दांडा) गेलाय, साडेतीन हजार होतील. मी गाडी घरी आणली आणि शेवटी एका स्क्रूवर काम झालं. म्हणून हे लिहितोय, जुन्या गाडीवाल्यांचे तरी पैसे वाचतील.

आता हे का होतं ते बघा. बल्बला प्लस वायरने करंट येतो आणि तो परत बॅटरीच्या मायनसला गाडीच्या पत्र्यातून जातो, त्यालाच आपण अर्थ म्हणतो. मागच्या दिव्यातल्या तीन-चार बल्बना मिळून बहुतेक वेळा एकच अर्थची वायर असते, डिकीत कुठेतरी पत्र्याला स्क्रूने आवळलेली. तिथे गंज चढला की करंटला परतीचा रस्ता बंद, मग तो शेजारच्या बल्बच्या फिलामेंटमधून उलटा जाऊन पळवाट शोधतो. त्यामुळे ब्रेकचा करंट इंडिकेटरमध्ये, इंडिकेटरचा पार्किंगमध्ये असा सावळा गोंधळ. एक दाबलं आणि दुसरंच पेटलं की नव्वद टक्के वेळा अर्थ गेलेला असतो, स्विचला हात लावायचा नाही.

खात्री करायला लांब वायर घ्या, दोन्ही टोकं सोला, एक टोक दिव्याच्या अर्थला आणि दुसरं थेट बॅटरीच्या मायनसला (वायर पुरत नसेल तर डिकीतल्या खरवडून चकचकीत केलेल्या पत्र्याला). दिवे लगेच शहाण्यासारखे वागायला लागले तर चोर सापडला. माझ्या गाडीत डिकीच्या बाजूचं कार्पेट उचललं तर खाली ओल, वायरचं थिंबल (टोकाची धातूची कडी, जी स्क्रूखाली आवळतात) हिरवं पडलेलं, आणि स्क्रू काढताना त्याच्याखालून तपकिरी पावडरच सांडली. पॉलिश पेपरने पत्रा पांढरा होईपर्यंत घासला, थिंबल नवीन लावलं, घट्ट आवळलं आणि वरून ग्रीस फासलं. खर्च वीस रुपये, आणि कार्पेट पुन्हा नीट बसवताना गेलेला अर्धा तास.

सामान फार लागत नाही. साधा मल्टीमीटर, एक टेस्ट लॅम्प (जुन्या होल्डरला दोन वायरी आणि इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब, घरीच होतो), पॉलिश पेपर, थोडे थिंबल, चांगली इन्सुलेशन टेप. वायर कापायची असेल तर आधी बॅटरीचं मायनस टर्मिनल काढा, आळस करू नका.

पहिला प्रश्न स्वतःला विचारायचा: एकच दिवा गेलाय का दोन्ही बाजूचे? एकच गेला तर बल्ब, होल्डर, कपलर (बल्बच्या मागे बसणारा वायरींचा प्लग) किंवा त्या बाजूचा अर्थ, काही गाड्यांत डाव्या-उजव्या हेडलाईटला वेगळे फ्यूज असतात तेही बघा. दोन्ही एकदम गेले तर फ्यूज, रिले (थोड्या करंटवर चालून मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) नाहीतर लाईटचा स्विच. पण डिपर दोन्ही बाजूचे "एकदम" गेले असं वाटतं तेव्हा बरेचदा एक आधीच दोन महिन्यांपूर्वी गेलेला असतो आणि आपल्याला पत्ताच नसतो, म्हणून दोन्ही बल्ब काढून बघाच. फ्यूज नुसता डोळ्याने बघून ठीक आहे म्हणू नका, जागेवर ठेवून लाईट चालू करा, टेस्ट लॅम्पची एक वायर अर्थला धरा आणि दुसरी वरच्या दोन्ही टोकांना आळीपाळीने लावा, दोन्हीकडे पेटला पाहिजे. पद्मिनीसारख्या गाडीत ते जुने टोकदार सिरॅमिकचे फ्यूज असतात, त्यांचे क्लिप सैल आणि काळे पडतात, फ्यूज चांगला असूनही करंट जात नाही. बोटाने गोल फिरवला की लाईट परत येते, तोच पुरावा.

आता सगळ्यात जास्त येणारी तक्रार, हेडलाईट मंद. इंजिन बंद असताना बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट, चालू असताना १३.८ ते १४.४ दाखवली पाहिजे. तेवढी नसेल तर अल्टरनेटर किंवा बेल्टकडे बघा, लाईटच्या मागे लागू नका. बॅटरी ठीक असूनही मंद असेल तर करंट वाटेत कुठेतरी अडतोय. इथे लोक एक चूक करतात, कपलर बल्बवरून काढून मीटर लावतात, १२ व्होल्ट दिसतात आणि म्हणतात वायरिंग एकदम ओके. अहो, वायरची एकच तार शिल्लक असली तरी मीटर १२ दाखवेल, कारण मीटर करंट खेचतच नाही. बल्ब पेटलेला असतानाच मोजायचं. मीटर डीसी २० व्होल्टवर, एक प्रोब बॅटरीच्या मायनसला, दुसरा कपलरच्या मागून अर्थच्या पिनला. ०.२ व्होल्टच्या वर गेलं तर अर्थ खराब. तसंच बॅटरी प्लस आणि बल्बच्या प्लस पिनमध्ये, तिथे अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त नको. अर्धा-एक व्होल्ट म्हणजे काय एवढं असं वाटेल, पण व्होल्टेज १० टक्के पडलं की हॅलोजनचा उजेड जवळजवळ ३० टक्के पडतो. एक लक्षात ठेवा, काही जपानी पद्धतीच्या गाड्यांत बल्बची मधली कॉमन पिन प्लसला असते आणि अपर-डिपर अर्थच्या बाजूने बदलतं, तेव्हा कुठली पिन काय आहे ते आधी टेस्ट लॅम्पने बघून घ्या नाहीतर डोकं फिरेल.

उजेड वाढवायला ६०/५५ वॅटचे काढून १००/९० वॅटचे बल्ब टाकायचा मोह सगळ्यांना होतो, मलाही झाला होता. आंबा घाटात धुक्यात चाललो होतो, आधी जळका वास, मग उजवा हेडलाईट गुल. उतरून बघितलं तर कपलर गुळाच्या ढेपेसारखा वितळून बल्बला चिकटलेला. मूळची बारीक वायर आणि स्विच तेवढ्या करंटसाठी नसतातच. साखरप्यापर्यंत एका डोळ्याने आलो. त्यापेक्षा आहे तेच बल्ब ठेवा आणि रिले बसवा: बॅटरीपासून फ्यूज टाकून जाड अडीच स्क्वेअर मिमीची वायर रिलेच्या ३० नंबरच्या पिनला (नंबर रिलेवरच लिहिलेले असतात), ८७ वरून बल्बला, ८६ ला जुन्या हेडलाईटची वायर, ८५ अर्थ (वर सांगितलेल्या उलट्या पद्धतीच्या गाडीत जोडणी वेगळी, ती माहितगार वायरमनकडूनच). आणि हॅलोजनच्या काचेला बोट लावू नका, बोटाचं तेल तिथे तापतं आणि बल्ब लवकर जातो.

इंडिकेटर एका बाजूला भराभर टिकटिकतोय म्हणजे त्या बाजूचा बल्ब गेलाय किंवा नीट पेटत नाहीये. जुना थर्मल फ्लॅशर असेल तर लुकलुकायचं सोडून नुसता पेटून राहू शकतो. एलईडी टाकल्यावर भराभर व्हायला लागलं तर बिघाड काही नाही, फ्लॅशरला करंट कमी वाटतोय, एलईडीचा फ्लॅशर घ्या.

ब्रेक लाईट बंदच होत नाही आणि सकाळी बॅटरी झोपलेली? ड्रायव्हरच्या मॅटवर बिस्किटाच्या चुऱ्यासारखे प्लास्टिकचे तुकडे दिसतायत का बघा. पेडलच्या वर ब्रेक स्विचचं बटण ज्या छोट्या स्टॉपरवर टेकतं तो वयाने चुरा होऊन पडतो, मग बटण दाबलं जात नाही आणि लाईट चालूच राहते. स्टॉपर स्पेअरच्या दुकानात मिळतो, तोवर त्या भोकात नटबोल्ट आवळून काम भागतं. लाईट पेटतच नसेल तर आधी फ्यूज, मग याच स्विचच्या दोन वायरी एकमेकांना टेकवून बघा, पेटली तर स्विच गेला.

उरला तो वारंवार उडणारा फ्यूज. १५ चा उडतो म्हणून ३० चा टाकायचा नाही, सिगारेटच्या पाकिटाची चांदी तर अजिबात नाही, फ्यूज वाचेल आणि वायरिंग पेटेल. त्या फ्यूजवरचे सगळे बल्ब काढा आणि फ्यूजच्या जागी तो २१ वॅटचा टेस्ट लॅम्प जोडा. शॉर्ट असेपर्यंत तो फुल पेटलेला राहणार. आता एकेक ठिकाणी वायरिंग हलवत जा, डिकीच्या बिजागरीजवळची रबरी नळी, हेडलाईटच्या मागचा पत्र्याचा कोपरा, स्टिअरिंगच्या खाली कुणीतरी म्युझिक सिस्टीमसाठी मारलेले जोड. जिथे हलवल्यावर लॅम्प विझला तिथेच टेप सोला. माझ्याकडे बिजागरीच्या नळीत नंबरप्लेट लाईटची वायर सोलून पत्र्याला टेकत होती, डिकी उघडली की बरी, बंद केली की शॉर्ट.