आधी वस्तू, मग संख्या: प्रेसमध्ये नवीन लागलेल्यांसाठी

गिऱ्हाईक आलं की नवीन माणूस पहिल्यांदा विचारतो, "किती प्रती?" हा प्रश्न दुसऱ्या नंबरवर ठेवा. पहिला प्रश्न "कशावर छापायचंय?" हाच असला पाहिजे. त्या वस्तूवर शाई कशी वाळते यावर छपाईच्या किती वाटा खुल्या आहेत ते ठरतं, आणि त्यातली कोणती परवडेल ते संख्या सांगते.

ऑफसेटची (प्लेटवरून रबरावर आणि रबरावरून कागदावर होणाऱ्या छपाईची) तेलकट शाई मॅपलिथोत, म्हणजे लेप नसलेल्या साध्या छपाईच्या कागदात, थोडी मुरते, उरलेली हवेने घट्ट होते. आर्ट पेपरवर लेप असतो, त्यामुळे मुरणं कमी आणि वाळायला वेळ जास्त. ताजा छापलेला आर्ट पेपर उंच रचला की वरच्या कागदाच्या पाठीला खालची छपाई लागते. याला सेट-ऑफ म्हणतात. ते टाळायला ताज्या छपाईवर स्प्रे पावडर मारायची आणि गठ्ठे लहान ठेवायचे. प्लास्टिकमध्ये तर मुरायला जागाच नाही. तिथे साधी ऑफसेट शाई दुसऱ्या दिवशीही बोटाला येते. त्यासाठी यूव्ही शाई (अतिनील प्रकाशात घट्ट होणारी) आणि यूव्ही दिवे असलेलं मशीन लागतं.

आता हिशेब. ए-4 आकाराचं पत्रक, 130 जीएसएम (एका चौरस मीटरचं वजन ग्रॅममध्ये) आर्ट पेपर, एका बाजूला चार रंग. ऑफसेटला 18×25 इंचाच्या शीटवर चार पत्रकं बसतात. 18×23 घेऊ नका. दोन ए-4 उभी लावली की लांबी 23.4 इंच होते, म्हणजे कागद कटिंगआधीच कमी पडतो. नवीन माणसाची ही चूक कागद कापून झाल्यावरच लक्षात येते. रीमचं वजन काढायला लांबी गुणिले रुंदी (इंचात) गुणिले जीएसएम, भागिले 3100. इथे 450×130÷3100, म्हणजे 500 शीटला सुमारे 18.9 किलो.

दर गावोगाव बदलतात, म्हणून समजण्यापुरते धरू: प्लेट 300 रुपये, छपाईचे किमान 1500, कागद 90 रुपये किलो. चार प्लेट आणि छपाईचे मिळून 2700 झाले. रंग जुळेपर्यंत जाणारी 150 शीट, शीटमागे 3.40 रुपयांनी, 510 रुपयांची. म्हणजे एकही पत्रक हातात येण्याआधी 3210 रुपये गेले. त्यापुढे मात्र प्रत्येक पत्रकाला फक्त 85 पैशांचा कागद. डिजिटलला, म्हणजे प्लेटशिवाय थेट संगणकावरून छापायला, 12×18 इंचाच्या शीटवर दोन पत्रकं बसतात. शीटचे 16 रुपये धरले तर पत्रक 8 रुपयांना पडतं, पहिलं असो वा पाचशेवं. दोन्ही खर्च साडेचारशे पत्रकांच्या आसपास समान होतात. 200 ला डिजिटल 1600 आणि ऑफसेट 3380. 1000 ला डिजिटल 8000 आणि ऑफसेट 4060. हे गणित आपल्या प्रेसच्या दरांनी एकदा स्वतः मांडा, म्हणजे गिऱ्हाइकासमोर अडखळायला होत नाही.

संख्या कमी असूनही डिजिटल नको, अशीही कामं असतात. टोनर, म्हणजे डिजिटल मशीनमधली शाईची पूड, कागदात मुरत नाही, वर वितळून चिकटतो. खरखरीत, नक्षीच्या कागदावर तो खोलगट भागात पोचत नाही आणि गडद रंगात पांढरे ठिपके दिसतात. जाड कागदाची घडी क्रीझिंग (घडीच्या जागी आधी रेघ दाबून घेणं) न करता घातली की घडीवरचा टोनर फुटतो आणि पांढरी रेघ उमटते. पत्रिका असेल तर आधी एकच शीट छापा, क्रीझ मारा, घडी घाला, नखाने दाबून पाहा. मग उरलेल्या छापा.

दिवाळी अंकांच्या कामांच्या वेळी हवा दमट असते, तेव्हा वेगळीच कटकट. रीम उघडी राहिली की कडा ओलावा घेतात आणि लहरी होतात. चौथा रंग पहिल्यावर बसत नाही, अक्षरांना सावली दिसते. मशीनवाल्याला दोष देण्याआधी कागदाची कड बघा. रीम मशीन असलेल्या खोलीत आदल्या दिवशी आणून ठेवावी आणि वेष्टण ऐनवेळीच फाडावं.

कापड, नॉनवोवन (न विणलेल्या कापडाच्या) पिशव्या, पत्रा, काच यांसाठी स्क्रीन प्रिंटिंग, म्हणजे ताणलेल्या जाळीतून शाई दाबून छापणं. प्रत्येक रंगाला एक स्क्रीन, म्हणून एक-दोन रंगांना स्वस्त, फोटोला महाग. गणेश मंडळाच्या टी-शर्टांची ऑर्डर आली की कापड आधी विचारा. सुती टी-शर्टवर प्लास्टिसॉल (उष्णतेने पक्की होणारी प्लास्टिकची) शाई साधारण 160 अंश सेल्सिअसला पक्की होते, आणि ही उष्णता शाईच्या पूर्ण थरापर्यंत पोचावी लागते. वरून कोरडी, आतून कच्ची राहिली तर दोन धुण्यांत तडे जातात. पॉलिस्टरवर उलटी अडचण येते. तितक्या उष्णतेने कापडाचाच रंग उडून शाईत शिरतो, आणि लाल टी-शर्टवरची पांढरी अक्षरं काही दिवसांनी गुलाबी होतात. तिथे कमी तापमानाची, रंग अडवणारी शाई लागते. पांढऱ्या पॉलिस्टरवर बहुरंगी चित्र हवं असेल तर सब्लिमेशन (कागदावर छापलेला रंग उष्णतेने कापडात उतरवणं) उत्तम. ते सुती कापडावर टिकत नाही आणि गडद कापडावर दिसतही नाही.

प्लास्टिकच्या पिशवीवर छापायच्या आधी पाण्याचा हात फिरवा. पाणी थेंब होऊन पळालं तर पृष्ठभागावर कोरोना प्रक्रिया (शाई धरावी म्हणून विजेने केलेली) झालेली नाही, शाई धरणार नाही. पाणी पसरलं तरी एक नमुना छापून, वाळल्यावर त्यावर चिकटपट्टी दाबून झटक्यात ओढा. पट्टीवर शाई आली तर ऑर्डर तिथेच थांबवा.

वेफर्सच्या पाकिटासारखा लाखोंच्या संख्येचा माल ग्रॅव्हूरवर, म्हणजे कोरलेल्या सिलिंडरच्या छपाईवर, जातो. प्रत्येक रंगाला वेगळा सिलिंडर लागतो आणि त्याचा खर्च लहान ऑर्डरला झेपत नाही. लेबलांचे रोल आणि पुठ्ठ्याची खोकी बहुधा फ्लेक्सोवर (लवचिक प्लेटच्या छपाईवर) होतात. पेनांवरचं नाव पॅड प्रिंटिंगने, म्हणजे मऊ पॅडने शाई उचलून वस्तूवर टेकवून.

घरगुती लोणचं विकणाऱ्या ताई 300 छापील पाउच मागायला आल्या, तर त्यांना सिलिंडरच्या खर्चात ढकलू नका. साधे पाउच आणि डिजिटलवर छापलेलं स्टिकर सुचवा. स्टिकर कागदी नको, फिल्मचं घ्या, कारण कागदावर तेलाचे डाग चढतात. आणि स्टिकर पाउच भरण्याआधी लावायला सांगा. भरताना बाहेरून तेलाचा हात लागला की गोंद धरत नाही.