रोमचा दिवस संध्याकाळकडून मोजावा

क्रूझच्या माहितीपत्रकात मोठ्या अक्षरांत ‘रोम’ छापलेलं असतं आणि खाली बारीक अक्षरांत ‘चिवितावेक्किया’. ही बारीक अक्षरं आधी वाचावीत, कारण बोट रोमला जातच नाही. ती लागते सत्तर-ऐंशी किलोमीटर वायव्येला, ट्राजान या रोमन बादशहाने दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला बांधवलेल्या बंदरात. आपल्या भाषेत सांगायचं तर चर्चगेटला उतरायचं म्हणून निघालो आणि उतरवलं विरारच्याही पुढे. तिथून लोकलसारख्याच गाडीने, स्वतःच्या हिमतीवर रोम पाहून परत येता येतं. आम्ही चौघं जाऊन आलो. त्यात एक जण गुडघ्याचा आणि एक जण ‘मला सगळं माहीत आहे’वाला होता. दुसऱ्याचा त्रास जास्त झाला. पुढची यादी त्या दिवसाने शिकवलेली आहे.

पहिलं काम कागद-पेन घेऊन संध्याकाळ लिहिण्याचं. सुटायची वेळ ७ असेल तर सर्वांनी बोटीवर असायची वेळ तिच्या अर्धा ते एक तास आधीची असते. बोटीवर रोज रात्री जे दुसऱ्या दिवसाचं पत्रक येतं त्यात ती दिलेली असते, आणि आपल्यासाठी तीच खरी. समजा ती ६ आहे. मग साडेपाचला बंदरातल्या बसमधून उतरून बोटीसमोर उभं असायला हवं, म्हणजे ५ ला बंदराच्या दाराशी, साडेचारला चिवितावेक्किया स्टेशनवर. रोमच्या सान पिएत्रो स्टेशनहून इथवर गाडीला पाऊण तास ते तासभर लागतो, त्यामुळे साडेतीनच्या सुमाराची गाडी आली. आता ती खोडा आणि तिच्या आधीची आपली माना. साडेतीनची गाडी राखीव, तिकडे बघायचंसुद्धा नाही. सकाळी बोटीवरून उतरून रोमला पोचेपर्यंत साडेनऊ-दहा होतात, म्हणजे हाती उरले पाच तासांच्या आतबाहेर. एवढ्यात दोन ठिकाणं नीट होतात, तिसरं जाता-जाता. आमच्या भाऊजींनी सात लिहून आणली होती; स्टेशनात शिरायच्या आधीच त्यातली चार आम्ही खोडली.

निघायच्या दोनेक महिने आधी व्हिसा पुन्हा एकदा उघडून पाहा. बोट मध्येच तुर्कस्तानसारख्या शेंगेनबाहेरच्या देशाला लागून परत इटलीत येणार असेल, तर एकदाच प्रवेश देणारा शेंगेन व्हिसा चालत नाही, अनेक प्रवेशांचाच लागतो. मग रोमला तुम्ही कोणत्या वारी येताय ते बघा. रविवारी व्हॅटिकनची संग्रहालयं बंद असतात. महिन्याचा शेवटचा रविवार उघडा आणि फुकट, म्हणून त्या दिवशी रांग अशी की पंढरपूर आठवावं. बुधवारी सकाळी पोपच्या दर्शनाचा कार्यक्रम असला की व्हॅटिकनचा सेंट पीटर्स चौक माणसांनी भरतो आणि बॅसिलिका, म्हणजे चौकातलं मोठं चर्च, कार्यक्रम संपेपर्यंत उघडत नाही. कोलोसियमचं तिकीट वेळेचं असतं आणि त्यावर नाव असतं. विक्री साधारण तीस दिवस आधी खुली होते, चांगल्या वेळा भराभर जातात. ते काढताना सकाळी ११ च्या आधीची वेळ घेऊ नका. बोट लागायला तास उशीर झाला तर तिकीट वाया जातं, आणि दिवसभर त्या पैशांचं दुःख ऐकावं लागतं ते वेगळंच.

आठवडाभर आधी एक इटालियन शब्द पाठ करा: शोपेरो. म्हणजे संप. इटलीत रेल्वेचे संप बहुतेक आधी जाहीर करून होतात, म्हणून शोधले की सापडतात. संपाच्या दिवशीही कामाच्या वारी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळांत काही प्रादेशिक गाड्यांची हमी असते. लोक इथेच फसतात. सकाळच्या हमीच्या गाडीने आरामात रोमला पोचता येतं, पण संध्याकाळची हमी सुरू होते तेव्हा बोटीची शिडी वर उचलायची वेळ झालेली असते. संप असेल तर बोटीच्या कंपनीची सहल घ्या. एरवीही गुडघे, लहान मूल किंवा नुसतीच धास्ती असेल तर तीच घ्या, त्यात कमीपणा काही नाही. कंपनीच्या सहलीची बस अडकली तर बोट तिच्यासाठी थांबते, तुमच्या लोकलसाठी थांबत नाही. जादाचे पैसे त्या थांबण्याचे असतात.

आदल्या रात्री पिशवी भरा. बोटीचं कार्ड प्रत्येकाच्या स्वतःच्या खिशात असावं. कुटुंबप्रमुखाच्या पाकिटात सगळ्यांची चार कार्डं हा आपला आवडता प्रकार, आणि पाकीट गेलं की चौघंही बाहेर. पासपोर्ट काही बोटींवर कंपनीच ठेवून घेते. तसं असेल तर त्याची आणि व्हिसाची छायाप्रत घ्या. रोजच्या त्या पत्रकावर बंदरातल्या एजंटचा फोन नंबर असतो, त्याचा फोटो काढा आणि नंबर कागदावरही लिहा, फोनची बॅटरी दुपारी ३ ला जीव सोडते. घड्याळ बोटीच्या वेळेशी जुळवा. बोटीची वेळ आणि किनाऱ्यावरची वेळ बहुधा एकच असते, पण फोन स्वतःहून वेळ बदलतो आणि बोट बदलत नाही, म्हणून हातावरचं साधं घड्याळ बरं. एक-दोन युरोची नाणी ठेवा, स्टेशनवरच्या स्वच्छतागृहाला लागतात. बॅसिलिकेत खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात. बायकांना ओढणी पुरते, हाफ पँटमधल्या काकांना मात्र दारातून परत फिरावं लागतं. रिकामी बाटली घ्या. रोमभर रस्त्याच्या कडेला लोखंडी नळ अखंड वाहत असतात, पाणी गार आणि पिण्याजोगं असतं. त्या नळांना तिथे ‘नासोने’ म्हणतात, म्हणजे मोठं नाक.

सकाळी न्याहारी लवकर उरका. पाव-फळं बांधून घ्यायचा मोह होतो, पण बुफेतलं खाणं किनाऱ्यावर नेऊ नका असं बोटीवर बजावून सांगतात. घरून आणलेली बाकरवडीची बंद पिशवी वेगळी. बंदर अवाढव्य आहे आणि आत पायी हिंडायची मुभा नसते. धक्क्यावरून बंदराची बस लार्गो देला पाचे या थांब्यावर सोडते. तिथून स्टेशनपर्यंत गावची बस मिळते, किंवा समुद्राच्या कडेने चालत वीसेक मिनिटं. सकाळी हवा छान असते, चालायला हरकत नाही. वाटेत मिकेलांजेलोच्या नावाचा किल्ला लागतो. खरं तर त्याचं काम १५०८ मध्ये ब्रामांते या वास्तुकाराने सुरू केलं होतं, मिकेलांजेलोच्या वाट्याला मधल्या मोठ्या बुरुजाचा वरचा भाग तेवढा येतो असं सांगतात. पण नाव कोणाचं लागतं हे काय आपल्याला सांगायला हवं!

आता तिकीट. इथे घाई करू नका, दिवसातली सगळ्यात महागडी चूक इथेच होते. तुम्हाला हवं ते तिकीट म्हणजे बिर्ग, लात्सिओ प्रांताचा एका दिवसाचा एकत्रित पास. चिवितावेक्कियाहून तो गेली काही वर्षं १२ युरोंना मिळतो. प्रादेशिक गाडीने जाणं-येणं, शिवाय रोममधल्या मेट्रो आणि बसगाड्या, सगळं त्यात येतं, मध्यरात्रीपर्यंत. स्टेशनातल्या पेपरवाल्याकडे किंवा तंबाखूच्या दुकानात मिळतो. तोंडाने नुसतं ‘बिर्ग, रोमा’ म्हणायचं आणि माणसं तितकी बोटं दाखवायची. त्यावर नाव आणि तारीख लिहायची जागा असते, ती पेनाने भरा. मग फलाटावर जायच्या आधी तिकीट भिंतीवरच्या छोट्या यंत्रात घालून त्यावर वेळेचा शिक्का उठवून घ्या. शिक्का नसलेलं तिकीट म्हणजे विनातिकीट, आणि ‘आम्ही परदेशी, आम्हाला ठाऊक नव्हतं’ हे वाक्य तिकीट तपासनिसाने आपल्या आधी हजारदा ऐकलेलं असतं. फोनवर काढलेल्या साध्या प्रादेशिक तिकिटाला शिक्क्याऐवजी गाडीत चढण्याआधी फोनवरच चेक-इन करावं लागतं. इंटरसिटी आणि फ्रेच्चा नावाच्या वेगवान गाड्यांना हा पास चालत नाही, त्यांना आसनाचं वेगळं तिकीट लागतं. भाऊजी चढले होते तशाच एका गाडीत, ‘रोमलाच तर चाललीये’ म्हणत. ताईने दंडाला धरून खाली उतरवलं. तिकिटाच्या यंत्राशी कोणी आपणहून मदतीला आला तर हसून ‘नो, ग्रात्सिए’ म्हणा. गणवेश नसलेल्या माणसाची मदत शेवटी नाण्यांपाशी येऊन थांबते.

उतरायचं कुठे, हे गाडीत बसण्याआधी ठरवा, कारण सगळी बोट शेवटच्या तेर्मिनीला, म्हणजे रोमच्या मुख्य स्टेशनला, जाते आणि तिथेच वेळ घालवते. आमच्या मार्गावरच्या गाड्या तेर्मिनीच्या अगदी टोकाच्या, पंचवीसच्या पुढच्या फलाटांवर लागतात. मुख्य दालनापर्यंत चालून चालून जीव जातो. व्हॅटिकन आधी पाहायचं असेल तर सान पिएत्रोला उतरा, दहा-पंधरा मिनिटं चाललं की चौक. कोलोसियम आधी असेल तर ओस्तिएन्सेला उतरा, भुयारी वाटेने शेजारच्या पिरामिदे मेट्रो स्टेशनात जा आणि ‘बी’ मार्गाने दुसरं स्टेशन कोलोसेओ. आमच्या मते उत्तम क्रम असा: सकाळी ओस्तिएन्से, कोलोसियम, तिथून बसने किंवा पायी जुन्या शहरातून पश्चिमेकडे सरकत सेंट पीटर्स, आणि परतीची गाडी सान पिएत्रोहून. म्हणजे दिवस जसा उतरतो तसे आपणही बोटीच्या बाजूला येत राहतो. ६४ नंबरची बस तेर्मिनीहून थेट सान पिएत्रो स्टेशनपर्यंत येते. सोयीची आहे, म्हणूनच पाकीटमारांचीही लाडकी आहे. पिशवी पोटावर घ्या, दादर स्टेशनला संध्याकाळी घेता तशी.

जेवणाला टेबलावर बसू नका. बिल मागण्यातच अर्धा तास जातो. चौकोनी पिझ्झा कापून वजनावर विकणारी दुकानं गल्लोगल्ली आहेत, बोटाने दाखवाल तेवढा तुकडा कापून देतात. चीज नको असेल तर मारिनारा मागा, त्यावर टोमॅटो, लसूण आणि तेल एवढंच असतं. सुप्ली नावाचे भाताचे तळलेले गोळे आपल्या बटाटेवड्याचे भाऊ वाटतात, पण आत बहुधा मांसाचा रस्सा असतो. शाकाहारी मंडळींनी विचारल्याशिवाय तोंडात टाकू नयेत. कॉफी उभ्याने प्या.

परतीच्या फलकावर ‘चिवितावेक्किया’ शोधत बसलात तर घाबराल, कारण बऱ्याच गाड्या पुढे ग्रोसेतो किंवा पिझापर्यंत जातात आणि ठळक अक्षरांत तेच नाव असतं. कर्जतला जायचं असताना फलकावर खोपोली दिसावी तसं. मधली स्टेशनं बारीक अक्षरांत सरकतात, त्यात आपलं नाव वाचा. ‘बिनारियो’ म्हणजे फलाट, ‘रितार्दो’ म्हणजे उशीर. त्यापुढचा आकडा मिनिटांचा. तो ३० च्या पुढे गेला तर विचार करत उभे राहू नका, पहिली वेगवान गाडी पाहा आणि तिचं तिकीट काढा. तेही जमलं नाही तर टॅक्सी. खिशाला भोक पडतं, पण पुढच्या बंदराच्या विमान तिकिटापेक्षा लहान. आणि बोट चुकणारच असं दिसलं तर त्या कागदावरच्या नंबरला बोट सुटायच्या आधी फोन करा, नंतर नव्हे.

क्रूझ इथेच संपत असेल आणि सामान घेऊन विमानतळ गाठायचा असेल, तर तेर्मिनीपर्यंत जायची गरज नाही. त्रास्तेवेरेला उतरा, तिथून फ्युमिचिनो विमानतळाची लोकल साधारण दर पंधरा मिनिटांनी असते. त्या टप्प्याला बिर्ग चालत नाही, वेगळं तिकीट काढा.

आता, आधीची गाडी पकडली म्हणून चिवितावेक्कियात दीड-दोन तास हाताशी राहिले, तर ते बोटीवरच्या आइस्क्रीमच्या रांगेत घालवू नका. गावात जपानी हुतात्म्यांचं चर्च आहे. १५९७ साली नागासाकीला क्रुसावर चढवलेल्या सव्वीस जणांना १८६२ मध्ये संतपद मिळालं, त्यांच्या स्मरणार्थ ते बांधलं. महायुद्धानंतर ते नव्याने उभारलं तेव्हा आतली चित्रं लुका हासेगावा या जपानी चित्रकाराने काढली, आणि त्यातल्या मेरीमातेला चक्क किमोनो आहे. त्या सव्वीस जणांत एक गोन्सालो गार्सिया, आपल्या वसईचे. वसईत त्यांच्या नावाचं कॉलेज आहे आणि आमच्या ताईच्या दोन्ही मुली तिथे शिकल्या. दार उघडं होतं, आत कोणी नव्हतं. ताईने दोन मेणबत्त्या लावल्या, भाऊजी तोवर घड्याळाकडे बघत दारातच उभे होते.