पाट्यांचे फोटो काढायचेत? आधी रस्ता ओलांडा

माझ्याकडे एका शिंप्याच्या दुकानाच्या पाटीचा फोटो आहे. अख्ख्या पाटीचा नाही, 'टेलर्स'मधल्या फक्त 'ट'चा. पिवळ्यावर लाल अक्षर, खाली निळी सावली, पेंटरच्या ब्रशचा फटकारा स्पष्ट दिसतोय. फोटो झकास आलाय. पण दुकान ठाकूरद्वारला होतं की फणसवाडीत, त्याचं नाव काय, हे आज मला सांगता येत नाही. पहिल्या वर्षभरात मी मुंबईतल्या गिरगाव-काळबादेवीत असे शे-दीडशे तुकडे गोळा केले. नंतर शोधत गेलो तेव्हा बऱ्याच ठिकाणी फ्लेक्स लागला होता.

म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्याला माझं पहिलं सांगणं: आधी रस्ता ओलांडा. समोरच्या फुटपाथवरून पायरी, शटर, पाटी, वरची गॅलरी, शेजारच्या दुकानाची अर्धी पाटी असं सगळं एका फोटोत घ्या. मग जवळ जाऊन पाटी, आणि अक्षर सगळ्यात शेवटी. शेजारची ती अर्धी पाटी फार उपयोगी पडते, जागा तिच्यावरूनच सापडते. फोनचं लोकेशन चालू ठेवाच, पण दाटीच्या गल्ल्यांत ते एखाद्या वाडीने चुकतं. त्यामुळे वहीत दोन ओळी खरडून ठेवा.

कॅमेऱ्यावर फार पैसे घालू नका, साधा मोबाइल पुरतो. तो वर तिरका केला की दुकान मागे कलंडल्यासारखं दिसतं. सरळ धरा, खाली रस्ता जास्त आला तर नंतर कापता येतो. ढगाळ सकाळ उत्तम, पण भर पावसाळ्यात निम्म्या पाट्या ताडपत्रीखाली असतात. सकाळी सातला गर्दी नसते, तशी दुकानंही उघडी नसतात. एकाच दुकानाला दोन खेपा होणारच. एलईडीच्या पाटीवर काळे पट्टे येत असतील तर कॅमेऱ्याच्या शटरचा वेग १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा, कारण आपली वीज ५० हर्ट्झची.

काचेच्या पाटीने मात्र मला रडवलं. या पाटीवर अक्षरं काचेच्या मागून, उलटी रंगवलेली असतात. आधी अक्षर, मग सावली, सगळ्यात शेवटी पार्श्वभूमीचा रंग. म्हणजे भिंतीवर रंगवण्याच्या बरोब्बर उलट क्रम. दाराशेजारी डोळ्यांच्या उंचीवर लावलेल्या अशा एका पाटीसमोर मी अर्धा तास होतो. दर फोटोत सगळ्यात ठळक माझ्यामागचा रस्ताच. शेवटी मित्राला काळी छत्री उघडून माझ्या पाठीशी उभं केलं, तेव्हा कुठे अक्षरं दिसली. उंचावरची काच असेल तर दोन पावलं बाजूला सरकून बघा.

पाटीचं वय ओळखायचा नाद लागला की मग सुटका नाही. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ला आला. त्यामुळे पत्त्यात नुसतं 'मुंबई ४' असा टपाल विभागाचा जुना आकडा असेल तर पाटी त्याआधीची असू शकते. अर्थात सवयीने पुढेही कित्येकांनी तसंच लिहिलं. सहा आकडी फोन नंबर दिसला की थांबाच. आणि माझी सगळ्यात आवडती खूण म्हणजे सात आकडे एका हाताचे, सुबक, आणि त्यांच्या आधी दुसऱ्याच कुणीतरी कसाबसा कोंबलेला '२'. मुंबईचे नंबर आठ आकडी झाले तेव्हाची ही डागडुजी. खालच्या कोपऱ्यात पेंटरची बारीक सही असते, तिचा वेगळा फोटो घ्या.

आता माणसांचं. 'महापालिकेतून आलात का?' हा प्रश्न तुम्हाला ऐकावा लागणारच. मार्च २०२२च्या कायदादुरुस्तीने दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानांनाही देवनागरीतली मराठी पाटी सक्तीची झाली, आणि मराठी अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान चालेनाशी झाली. सप्टेंबर २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन महिन्यांची मुदत दिली आणि नोव्हेंबरअखेर पालिकेची माणसं तपासणीला निघाली. त्या दिवसांत कुणी पाटीवर कॅमेरा रोखला की दुकानदाराच्या पोटात गोळा यायचा. एका शेठनी तर मला आत बसवून परवान्याची फाइलच समोर ठेवली. सक्ती मला पटते. वाईट एवढंच वाटतं, की घाईघाईत काही जुन्या इंग्रजी-गुजराती पाट्या सरळ भंगारात गेल्या. वर देवनागरीची ठसठशीत पट्टी जोडूनही चाललं असतं.

तेव्हा लांबूनचा फोटो झाला की आत जा, 'काका, पाटी छान आहे, कुणी रंगवली?' एवढंच विचारा. दुपारी गिऱ्हाईक नसताना विचारलंत तर बोलतात. नको म्हणाले तर वाद घालू नका. त्यांचा किंवा कामगाराचा चेहरा येत असेल तर विचारल्याशिवाय फोटो कुठे टाकू नका.

जमलं तर एक प्रिंट काढून नेऊन द्या. मी एका किराणावाल्या काकांना दिली होती. पाटीवरचा तो वळणदार 'भ' बघून खूश होतील असं मला वाटलं होतं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, फोटो डोळ्यांजवळ नेला आणि अगदी कडेला आलेल्या शेजारच्या दुकानावर बोट ठेवलं.

"म्हणजे रद्दीवाला होता तेव्हा अजून!"