पोर्टपासून प्रोसेसपर्यंत: युनिक्सवर जोडणीचा मालक शोधताना

सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेशनच्या पहिल्या नोकरीसाठी मुंबईत मुलाखती देणाऱ्या उमेदवारांना मी बहुधा एकच प्रश्न आधी विचारतो: सर्व्हरच्या ८०८० या पोर्टवर (नेटवर्कच्या क्रमांकित दारावर) कोणती प्रोसेस, म्हणजे कोणता चालू प्रोग्राम, बसली आहे, हे कसे शोधाल? बहुतेक जण जोडण्यांची यादी देणाऱ्या नेटस्टॅट किंवा एसएस या आज्ञेचे नाव चटकन सांगतात. मग मी पुढचा प्रश्न टाकतो: त्या आज्ञेच्या उत्तरात प्रोसेसचा रकाना रिकामाच आला, तर? येथे संभाषण अडते. रिकामा रकाना हाही एक निष्कर्ष असतो आणि तो वाचता येण्यासाठी आज्ञेच्या आत काय घडते ते ठाऊक असावे लागते.

मुळात टीसीपी जोडणी (दोन यंत्रांतील डेटाची वाट) प्रोसेसच्या खिशात नसते. ती कर्नलकडे, म्हणजे कार्यप्रणालीच्या गाभ्याकडे, सॉकेटच्या (जोडणीच्या टोकाच्या) रूपात असते. प्रोसेसकडे असतो तो केवळ एक क्रमांक, म्हणजे फाइल डिस्क्रिप्टर, आणि तो त्या सॉकेटकडे बोट दाखवतो. लिनक्सवर ही साखळी हाताने तपासता येते. कर्नलची माहिती फाइलींच्या रूपात दाखवणाऱ्या प्रॉक या फाइलप्रणालीतील नेट या डिरेक्टरीत टीसीपी नावाची फाइल आहे आणि तिच्यात आयपीव्ही४ वरील प्रत्येक सॉकेटची एक ओळ असते (आयपीव्ही६ साठी टीसीपी६ ही वेगळी फाइल आहे). पत्ते आणि पोर्ट सोळाच्या पायावर लिहिलेले असतात, त्यामुळे ८०८० तेथे १एफ९० असे दिसते. इंटेल जातीच्या यंत्रांवर आयपी पत्त्याचे बाइट उलट क्रमाने येतात, म्हणून १२७.०.०.१ हा पत्ता ०१००००७एफ असा वाचावा लागतो. पोर्ट मात्र सरळ असतो, आणि या विसंगतीने नवशिक्यांचा बराच वेळ खाल्ला आहे. अवस्थेच्या रकान्यात ०ए म्हणजे कान देऊन बसलेले सॉकेट आणि ०१ म्हणजे प्रस्थापित जोडणी. त्याच ओळीत पुढे आयनोड, म्हणजे सॉकेटचा ओळखक्रमांक, मिळतो. तो घेऊन प्रॉकमधील प्रत्येक पीआयडीच्या (प्रोसेसच्या क्रमांकाच्या) एफडी, म्हणजे फाइल डिस्क्रिप्टरच्या, डिरेक्टरीतले दुवे पाहत जायचे. ज्या दुव्यावर ‘सॉकेट’ या शब्दापुढे चौकटी कंसात तोच आयनोड दिसेल, ती प्रोसेस आपली.

एसएस किंवा नेटस्टॅटला पी हा पर्याय दिला की नेमका हाच मेळ घातला जातो. उघड्या फाइलींची यादी देणारी एलएसओएफ ही आज्ञा उलट दिशेने, म्हणजे प्रोसेसच्या उघड्या फाइलींकडून सॉकेटकडे जाते. ती आय पर्यायासोबत वापरताना छोटा एन आणि कॅपिटल पी जोडावेत, नाहीतर ती प्रत्येक पत्त्याचे नाव डीएनएसला (नावे आणि पत्ते जुळवणाऱ्या सेवेला) विचारत बसते आणि ८०८० ऐवजी सेवांच्या यादीतील भलतेच नाव छापते.

आता रिकाम्या रकान्याकडे वळू. पहिले कारण साधे आहे: दुसऱ्या वापरकर्त्याच्या प्रोसेसची एफडी डिरेक्टरी तुम्हाला वाचता येत नाही, म्हणून रूट, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या, अधिकाराने आज्ञा पुन्हा द्यावी. तरीही रकाना रिकामा असेल, तर अवस्था पाहावी. टाइम-वेट अवस्थेतील, म्हणजे बंद होऊनही थोडा वेळ राखलेल्या, जोडणीला प्रोसेस उरलेलीच नसते. तिचा आयनोड शून्य दिसतो, लिनक्सचे कर्नल तिला साठ सेकंद सांभाळून सोडून देते, आणि एलएसओएफच्या यादीत ती येतच नाही. अशा शेकडो ओळी पाहून ‘कोणाला किल करू (कोणती प्रोसेस बंद पाडू)?’ असे विचारणारा उमेदवार मला भेटतो. उत्तर ‘कोणालाच नाही’ असे आहे. जोडणी प्रस्थापित असून मालक दिसत नसेल आणि समोरचे पोर्ट २०४९ असेल, तर ती बहुधा एनएफएसची (नेटवर्कवरून फाइली वापरण्याच्या सोयीची), म्हणजे खुद्द कर्नलने उघडलेली असते. कंटेनरच्या (वेगळ्या कप्प्यात चालणाऱ्या प्रोग्रामच्या) बाबतीत तर रकानाच काय, ओळही दिसत नाही, कारण त्याचे नेटवर्क नेमस्पेस, म्हणजे नेटवर्कचा कप्पा, सहसा वेगळे असते. तेथे एनएसएंटर ही आज्ञा वापरून कंटेनरमधील एखाद्या पीआयडीच्या नेमस्पेसमध्ये शिरावे आणि एसएस तेथून चालवावी.

याच्या उलट, एका सॉकेटला अनेक मालकही असतात. फोर्क झालेल्या, म्हणजे दुसऱ्या प्रोसेसची नक्कल होऊन जन्मलेल्या, अपत्य प्रोसेसला आईबापाचे डिस्क्रिप्टर वारशाने मिळतात, म्हणून एका पोर्टसमोर एनजिनएक्स या वेब सर्व्हरचे पाच-सहा पीआयडी दिसले तर घाबरू नये. पीआयडी १ दिसला, तर सेवा सुरू करणाऱ्या सिस्टिमडीने सेवेच्या वतीने पोर्ट आधीच उघडून ठेवले आहे असे समजावे.

प्रत्यक्ष कामात प्रश्न बहुधा दोन यंत्रांमध्ये विभागलेला असतो. मुंबईत दलाली पेढ्यांच्या प्रणालींवर काम मिळाले, तर सकाळी ९:१५ ला बाजार उघडण्याच्या आसपास डेटाबेसच्या जोडण्या संपल्याची तक्रार येऊ शकते. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये पीजी-स्टॅट-अ‍ॅक्टिव्हिटी या दृश्यात प्रत्येक जोडणीचा ग्राहक-पत्ता आणि ग्राहक-पोर्ट असतो. तो पोर्ट टिपून त्या पत्त्याच्या यंत्रावर जावे. तेथे तोच आकडा स्थानिक पोर्ट म्हणून दिसेल, लिनक्सवर सहसा ३२७६८ ते ६०९९९ या पट्ट्यात. मध्ये पूलर (जोडण्या वाटून देणारा प्रोग्राम) किंवा पत्ते बदलणारे उपकरण असेल, तर हा शोध त्या मधल्या टप्प्यापाशी थांबतो आणि तेथून नव्याने सुरू करावा लागतो. हे न पाहता थेट अ‍ॅप्लिकेशन बंद करणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. पीआयडी हाती आल्यावरही लगेच किल देऊ नये. पीएस या आज्ञेने प्रोसेसचा वापरकर्ता, जनक प्रोसेस आणि सुरू झाल्याची वेळ पाहावी, प्रॉकमधील सीडब्ल्यूडी (चालू डिरेक्टरी) आणि ईएक्सई (प्रोग्रामची फाइल) हे दुवे वाचावेत. ईएक्सईपुढे ‘डिलीटेड’ असे दिसले, तर डिस्कवरची ती फाइल आता बदलली किंवा पुसली गेली आहे आणि जुनी प्रत अजून चालू आहे.

लिनक्सबाहेर सवयी बदलाव्या लागतात. मॅकओएसवरील नेटस्टॅटमध्ये पी म्हणजे प्रोसेस नव्हे, प्रोटोकॉल. फ्रीबीएसडीवर सॉकस्टॅट ही सोयीची आज्ञा आहे. बँकांच्या कामात एआयएक्स हे आयबीएमचे युनिक्स भेटले, तर नेटस्टॅटला कॅपिटल ए, छोटा ए आणि छोटा एन हे पर्याय देऊन मिळालेला नियंत्रण-ब्लॉकचा पत्ता (कर्नलमधील जोडणीच्या नोंदीचा पत्ता) आरएमसॉक या आज्ञेला द्यावा लागतो. नावावरून ती सॉकेट काढून टाकेल असे वाटते, आणि बेवारस सॉकेट ती खरोखरच काढतेही. परंतु सॉकेट एखाद्या प्रोसेसने धरलेले असेल, तर ती फक्त त्या प्रोसेसचा क्रमांक सांगते.

सर्वांत त्रासदायक असतात त्या निमिषमात्र टिकणाऱ्या जोडण्या. फायरवॉलच्या नोंदीत त्या दिसतात, पण एसएस चालवेपर्यंत प्रोसेस संपलेली असते. तेथे कर्नलवर नजर ठेवणाऱ्या बीसीसी या साधनसंचातील टीसीपीकनेक्ट चालू ठेवून वाट पाहावी. ती प्रत्येक नव्या जोडणीच्या क्षणी पीआयडी, आज्ञेचे नाव आणि दोन्ही पत्ते छापते. ज्या जुन्या कर्नलवर ती चालत नाही, तेथे कनेक्ट या सिस्टिम कॉलवर (प्रोसेसने कर्नलकडे केलेल्या मागणीवर) ऑडिटचा, म्हणजे कर्नलच्या नोंद-यंत्रणेचा, नियम लावता येतो. नोंदी भराभर वाढतात, म्हणून काम झाल्यावर तो नियम आठवणीने काढावा.