घरी बांधलेल्या विमानासाठी ब्रेक ऑइल निवडताना

घरी बांधलेल्या विमानात कोणते ब्रेक ऑइल घालायचे, हे मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर तेलाला दाब देणारा भाग) आणि कॅलिपर (चाकाच्या डिस्कला पकडणारा भाग) यांतील सील ठरवतात. म्हणून ओ-रिंग, म्हणजे कड्यासारखे गोल सील, कशाच्या आहेत, हे ब्रेकच्या माहितीपुस्तिकेत प्रथम पाहावे. अमेरिकेतील व्हॅन्सच्या आरव्ही मालिकेसारख्या किट-विमानांवर सामान्यतः नायट्राइल रबराच्या ओ-रिंग असलेले ब्रेक बसवतात आणि या रबराला खनिज तेल मानवते. मोटारीचे डॉट ३ किंवा डॉट ४ ऑइल ग्लायकॉल-ईथरचे असते व ते ईपीडीएम रबरासाठी बनवलेले असते. नायट्राइलच्या ओ-रिंग त्यात फुगून मऊ पडतात. ईपीडीएमच्या सीलला खनिज तेल लागले, तर त्याचीही तीच गत होते. प्रवासी विमानांतले जांभळे हायड्रॉलिक तेल स्कायड्रॉलही नायट्राइलला चालत नाही.

उरतात ती दोन लाल तेले. मिल-एच-५६०६ (अमेरिकी लष्करी मानकाचे नाव) हे जुने खनिज तेल उणे ५४ अंश सेल्सिअसपर्यंत पातळ राहते, पण त्याच्या फ्लॅश पॉइंटची (ज्या तापमानाला तेलाची वाफ ठिणगीने पेटू शकते, त्याची) किमान मर्यादा अवघी ८२ अंश आहे. मिल-पीआरएफ-८३२८२ या कृत्रिम तेलाची हीच मर्यादा २०५ अंश आहे. उणे ४० अंशांखाली मात्र ते फार घट्ट होते. कडाक्याच्या थंडीत उडायचे नसेल, तर माझ्या मते ८३२८२ च घ्यावे. आरव्हीच्या नोजव्हील असलेल्या विमानांत ते चाक मोकळे फिरणारे असल्याने जमिनीवर वळण्यासाठी एकेका बाजूचा ब्रेक दाबावा लागतो, आणि आडव्या वाऱ्यात विमान जमिनीवर लांबवर चालवले (टॅक्सी केली) की एकच डिस्क सतत घासून तापते. विमान थांबल्यावर चाकाच्या फेअरिंगमध्ये (आवरणात) वारा खेळत नाही, डिस्कची उष्णता कॅलिपरमध्ये उतरते, आणि उष्णतेने कडक झालेल्या ओ-रिंगमधून झिरपलेले तेल थेट तापल्या डिस्कवर पडू शकते. अशा वेळी ८३२८२ लवकर पेट घेत नाही. अर्थात, ते अजिबात पेटत नाही असे नव्हे, आणि ओ-रिंगही त्याने वाचत नाही. त्यासाठी, ब्रेकच्या उत्पादकाची मान्यता असेल तर, व्हायटॉन या उष्णता सोसणाऱ्या रबराच्या ओ-रिंग बसवाव्यात.

ही दोन्ही तेले एकमेकांत मिसळतात, परंतु मिश्रणाचा फ्लॅश पॉइंट खाली येतो, म्हणून जुने तेल पूर्ण काढून मगच नवे भरावे. पूर्वी डॉट ऑइल घातले गेले असेल, तर सर्व सील बदलून नळ्याही धुवाव्या लागतात. नवे तेल कॅलिपरच्या खालच्या ब्लीडरमधून (हवा व तेल काढण्याच्या झडपेतून) स्वच्छ ऑइल कॅनने हळूहळू वर चढवावे, म्हणजे हवेचे बुडबुडे आपोआप वर निघून जातात. ब्रेक ऑइलची टाकी काठोकाठ भरू नये, कारण तापलेल्या तेलाला पसरायला जागा लागते. शिवाय तिच्या झाकणावर तेलाचे नाव ठळक लिहावे.